बॅटरीच्या खोलीतला दिवा

आमच्या नगरच्या घरात एक खोली अशी होती, की तिच्यात काडी ओढायला मनाई होती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला सारं घर आत नेऊन दाखवलं, आणि तेवढी एकच खोली उंबऱ्याबाहेरून. "ही बॅटऱ्यांची. हितं चूल न्हाई, दिवा न्हाई, देव न्हाई. त्याचं त्याला ठावं," असं म्हणून त्या न्हाणीकडे वळल्या. 'तो' म्हणजे त्यांचा मुलगा, माझे यजमान. ह्यांचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही, म्हणून इथेही 'हे' असंच लिहिते. हे मागच्या थंडीत गेले. लिहायला इतका उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. माणसाबद्दल लिहायला बसलं की हात थांबतो. खोलीबद्दल लिहिता येईल असं वाटतं.

घर भाड्याचं होतं, मोटार स्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढे ओसरी, मग माजघर आणि स्वयंपाकघर, आणि परसाच्या अंगाला ही खोली. परसात पत्र्याच्या छपराखाली तेलावर चालणारं एक इंजिन होतं आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो. त्यातली वीज तारांनी खोलीत जाई आणि लाकडी बाकावर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या दिवसभर भरत राहत. लढाईचे दिवस होते. नव्या बॅटऱ्या मिळत नसत, म्हणून जुन्याच पुन्हापुन्हा भरून वापराव्या लागत. सोनईला, राजूरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या बॅटऱ्या काळ्या आणि जड असत. खेड्यातल्या एखाद्या बागायतदाराच्या रेडिओची बॅटरी लहान, काचेच्या चौकोनी भांड्यातली. तिच्यातलं सारं बाहेरून दिसे: शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामधलं पाण्यासारखं तेजाब, आणि भरत आली की त्यातून वर येणारे बारीक बुडबुडे. मला ते बघायला आवडे. पुस्तकाखेरीज घरात बघत बसावं असं तेवढंच होतं.

"ते पाणी नव्हे," हे पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "पाण्यासारखं दिसतं, हीच त्याची खोड."

ती खोड मला आधी कपड्यांवरून कळली. ह्यांचं धोतर मी धुतलं, पिळलं आणि दोरीवर टाकलं, तर गुडघ्यापाशी त्याची चाळण झालेली. मी नवी. मला वाटलं, आपण जोरात आपटलं. दोरीपाशी तशीच उभी राहिले. हे परसात आले, धोतराकडे बघून हसले.

"तू नव्हे, मी. सकाळी थेंब उडाले होते. भोक धुतल्यावरच कळतं."

मग सासूबाईंनी जुनं घोंगडं कापून ह्यांना पुढे बांधायला एक आडवस्त्र शिवलं. तेजाब सुताला खातं, लोकरीला सहसा लागत नाही, हे ह्यांनी पुण्याच्या कारखान्यात शिकून घेतलं होतं. घोंगड्याला महिना उलटला तरी भोक पडलं नाही, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बघ, मेंढरू शानं निघालं तुझ्या धोतरापरीस."

बाकीचं मी बघून शिकले. तेजाब येई ते पेंढा भरलेल्या टोपलीत बसवलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्यात. ते पातळ करायचं तर आधी मातीच्या झिलईच्या बरणीत पाणी घ्यायचं, आणि त्या पाण्यात तेजाबाची बारीक धार सोडायची, काचेच्या कांडीने ढवळत. पाणी तेजाबात कधी ओतायचं नाही. ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. नीट केलं तरी बरणी तापते, आणि निवेपर्यंत तिला हात लावायचा नसतो. खोलीत जाण्याआधी हे हातातलं तांब्याचं कडं काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवत, कारण धातूचा तुकडा बॅटरीच्या दोन टोकांना टेकला की मनगट भाजलंच. बाहेर आले की सासूबाई तांब्या घेऊन उभ्या. शिशाचे हात धुतल्याशिवाय त्या ह्यांना भाकरीला शिवू देत नसत. त्यांच्या सोवळ्याचा आणि ह्यांच्या धंद्याचा तेवढा एक नियम जुळत होता.

आणि पाणी. आमच्या विहिरीचं पाणी खारं. तांब्याच्या आत पांढरा थर धरे. बॅटरीला ते चालत नाही. भर पावसाळ्यात परसात चार खुंट्यांना धुतलेलं धोतर ताणून बांधायचं आणि खाली बरण्या ठेवायच्या. ते पाणी वर्षभर पुरवायचं. बरण्या ओसरीवर फळीवर असत, तोंडाला फडकी बांधलेल्या. घरात कोणी कितीही तहानेलं आलं तरी त्या बरणीला हात लावायचा नाही. सोनईच्या मोटारीचा ड्रायव्हर रोज बॅटरी आणायला-न्यायला येई. मुसलमान माणूस, वयाने ह्यांच्यापेक्षा मोठा, सासूबाईंना 'माई' म्हणे. तो मुद्दाम फळीकडे बघून म्हणायचा,

"माई, घसा सुकलाय. द्या की त्यातलं घोटभर."

"तुझ्या मोटारीचं हाय ते. तिला इचार, देती का."

"ती काय देती? ती माझ्यापरीस लई प्याती."

हे झालं खोलीचं. आता दिव्याचं.

सासूबाई दिवेलागणीला घरभर दिवा फिरवत. देवापुढची वात लावली की तोच दिवा तळहाताच्या आडोशाने धरून प्रत्येक खोलीत न्यायच्या, कोपऱ्यांकडे दाखवायच्या, हात जोडायच्या आणि पुढच्या खोलीत जायच्या. न्हाणीसुद्धा सोडत नसत. ही त्यांची नुसती सवय नव्हती. माहेरी, नेवाशाकडच्या गावी असताना त्यांची पहिली मुलगी तापाने आजारी होती. एका संध्याकाळी सगळी माणसं वैद्याच्या मागे धावत होती आणि पोर ज्या आतल्या खोलीत निजली होती, तिथे दिवा न्यायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. सासूबाई दिवा घेऊन गेल्या तेव्हा ती गेलेली होती. दिवा नव्हता म्हणून ती गेली, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणायच्या, "अंधारात गेली." त्यानंतर त्यांनी कुठलीच खोली अंधारी ठेवली नाही. आणि आता मुलाच्या घरात एक खोली रोज अंधारी राहत होती, आणि मुलगा सारा दिवस त्याच खोलीत काम करत होता.

ह्यावरून मायलेकांत बोलणं होई. भांडण नव्हे. दोघंही हळूच बोलत.

"आई, भरताना बॅटरीतून एक वायू निघतो. त्याला ठिणगी मिळाली की तो भडकतो. म्हणून ज्योत नको."

"वास येतो की. घशाला झोंबतोय."

"तो तेजाबाचा. मी म्हणतो त्याला वासही नाही, रंगही नाही."

"दिसत न्हाई, वास न्हाई, त्याला तू भितोस. आन मी दिवा लावते तो कुनासाठी लावते? त्यो बी दिसत न्हाई."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला उत्तर तुझ्या पुस्तकात असलं तर सांग." माझ्या पुस्तकात नव्हतं.

शेवटी तोड निघाली. सासूबाईंनी दिवा घेऊन खोलीच्या अलीकडे, माजघराच्या दाराशी थांबायचं आणि तिथूनच दाखवायचा. खिडकी आणि परसाचं दार दोन्ही उघडी ठेवायची, म्हणजे वायू साठत नाही. सासूबाईंना हे पटलं नव्हतं, पण त्यांनी मानलं. मात्र वारा त्या उघड्या खिडकीतून येऊन दारातच दिवा विझवायचा. दिवा फिरवताना विझणं त्यांना फार लागे. विझला की त्या परत देवापाशी जाऊन लावून आणत. कधी दोनदा, कधी तीनदा. मी स्वयंपाकघरातून त्यांची पावलं ऐकत असे.

उन्हाळा होता. त्या दिवशी दुपारपासून धुळीचा वारा सुटला होता आणि आकाश तांबूस झालं होतं. स्टँडवर एक मोटार अडली म्हणून हे तिकडे गेले होते. इंजिन नुकतंच बंद केलेलं, पण बाकावरच्या बॅटऱ्या अजून फसफसत होत्या. दिवेलागणीच्या आधीच सासूबाई खोलीत गेल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. फट राहिली तिच्यात गोणपाट कोंबलं. परसाचं दार ओढून घेतलं. हे सारं दिव्यासाठी: वाऱ्याने तो विझू नये म्हणून. ह्यांनी खिडकी का उघडी ठेवायला सांगितली होती ते त्यांच्या लेखी वायूशी जोडलेलं नव्हतं. वायू त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिलं होतं ते रोज विझणारी वात.

मी भाकऱ्या थापत होते. दिवा लागला, माजघरातून पुढे गेला, आणि आज पावलं दाराशी थांबली नाहीत हे माझ्या लक्षात आलं. मी "आत्याबाई" अशी हाक मारली. तेवढ्यात आवाज झाला. मोठा नव्हता. जाड फटाका घागरीत फुटावा तसा. मागोमाग काच पडल्याचा.

मी गेले तर दिवा विझलेला. सासूबाई बाकापासून दोन हात लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दोन्ही तळव्यांनी डोळे चोळत होत्या. दिवा त्यांनी बाकाच्या कडेवर, काचेच्या दोन बॅटऱ्यांच्या मधे ठेवला होता.

"चोळू नका," मी म्हणाले आणि त्यांचे हात धरले. हे मला ह्यांनी सांगून ठेवलं होतं: कातडीवर पडलं तर पाणी आणि मग सोडा, डोळ्यात गेलं तर फक्त पाणी, दुसरं काही नाही, आणि थांबायचं नाही. मी त्यांना ओढत ओसरीवर आणलं आणि आडवं केलं. घागरीत तळाला पाणी होतं; उन्हाळ्यात संध्याकाळी घागरीत कधी जास्त नसेच. ते दोन तांब्यांत संपलं. विहीर गल्लीच्या टोकाला. मग मी फळीवरच्या बरणीचं फडकं सोडलं.

सासूबाईंना डोळे उघडवत नव्हते, पण फडकं सोडल्याचा आवाज त्यांना कळला. "ते नगं. त्याचं हाय ते," त्या म्हणाल्या.

मी पापणी बोटाने वर धरली आणि ओतत राहिले. नाकाकडून कानाकडे पाणी जाईल असं, म्हणजे एका डोळ्यातलं दुसऱ्यात जाऊ नये. पहिली बरणी संपली, दुसरी घेतली. तोवर शेजारच्या बायका कळशा घेऊन आल्या. त्यांतली एक म्हणाली, "दूध घाला, थंड पडंल." दुसरी तूप म्हणाली. मी त्यांच्या हातातली कळशी घेतली.

सोनईची मोटार सुटायच्या बेतात होती. गल्लीतला गलबला ऐकून ड्रायव्हर आधी आला आणि त्याने दारातूनच बघितलं. तो वळून स्टँडकडे पळाला. नंतर कळलं, त्याने मोटारीतली माणसं खाली उतरवली होती.

"उतरा समदे. सोनई काय पळून जात न्हाई."

"अरे, माझं तिकीट..."

"तुज्या तिकिटाला डोळं हायेत का? उतर."

हे त्याच मोटारीतून घरापर्यंत आले. गल्लीच्या तोंडाशी मोटार लागली. ह्यांनी ओसरीवर रिकाम्या बरण्या पाहिल्या आणि मला विचारलं, "किती वेळ ओतलंस?" मी म्हणाले, "अजून ओततेय." हे आईला उचलून घेऊन गेले. मोटारीतही मी कळशीतून ओतत होते आणि त्या पाण्याने मोटारीची बैठक भिजली. ड्रायव्हर एकदाही मागे वळला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बराच वेळ डोळे धुतले. उजवा राहील, डाव्याचं सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पट्टी सुटेपर्यंत सासूबाई घरात खाटेवर पडून होत्या. रोज संध्याकाळी मला विचारत, "लावला का?" मी सगळ्या खोल्यांत दिवा फिरवून येत असे आणि हो म्हणत असे. बॅटरीच्या खोलीचं त्या विचारत नव्हत्या, आणि मी सांगत नव्हते.

पट्टी सुटली. उजवा डोळा बरा होता. डाव्यावर पांढरं फूल राहिलं. त्यानंतर दिव्याकडे बघितलं की त्यांना ज्योतीभोवती एक कडं दिसे. "लगीनघरातल्यावानी दिसतंय," असं त्या सांगत.

ह्यांनी आईला त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. खिडकीतलं गोणपाट ह्यांनी स्वतः काढलं होतं. मग एके दिवशी मोटारीच्या मागच्या दिव्याचा असतो तसला छोटा बल्ब आणून ह्यांनी खोलीच्या आढ्याला टांगला. त्याची तार भिंतीतून बाहेर काढली. बॅटरी ओसरीवर, कळ माजघराच्या दारापाशी, खोलीच्या बाहेर. कळ दाबताना बारीक ठिणगी उडते, ती आत नको म्हणून. आईला हाताला धरून दाराशी आणलं आणि तिचं बोट कळीवर ठेवलं.

"दाब."

त्यांनी दाबली. आत पिवळट उजेड पडला.

"वारं आलं तर?"

"विझत नाही."

"ह्याला त्याल कुठं घालायचं?"

"तेल नाही. पाणी घालायचं, महिन्यातून एकदा. बरणीतलं."

"पान्यावर दिवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात जोडले.

त्या दिवसापासून घरभर दिवा फिरवून झाला की ज्योत माजघरात ठेवून त्या कळ दाबत. ओसरीवरच्या त्या बॅटरीचं पाणी बघणं त्यांनी आपल्याकडे घेतलं. डोळ्याला नीट दिसत नसे, म्हणून मी पट्ट्या बुडाल्या आहेत का ते सांगायची आणि त्या लहान कपाने ओतायच्या. पावसाळ्यात धोतर ताणायला त्याच पुढे. ड्रायव्हर पुन्हा चेष्टा करू लागला, पण आता घोटभर पाणी मागत नसे. "माईच्या डोळ्याचं औषध हाय ते," असं तो नव्या क्लीनरला सांगायचा.

लढाई संपली. नव्या बॅटऱ्या येऊ लागल्या. ह्यांनी स्टँडजवळ चारी बाजूंनी मोकळं असं एक छप्पर घेतलं आणि इंजिन, डायनॅमो, बाक सगळं तिकडे हलवलं. घरातली खोली रिकामी झाली. फरशीवर तेजाबाने खाल्लेले पांढुरके डाग तेवढे राहिले. बल्ब होता तसाच ठेवला, कारण सासूबाईंनी तो काढू दिला नाही.

मागच्या थंडीत ह्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हवेशीर जागी ठेवायला सांगितलं, आणि घरातली सर्वांत हवेशीर जागा तीच होती. खाट तिथे नेली. आजाराबद्दल मी लिहीत नाही. संध्याकाळी सासूबाई कळ दाबत, आणि हे आढ्याकडे बघून म्हणत, "बॅटरी उतरायला आली. लालसर दिसतोय." मी ड्रायव्हरकरवी स्टँडजवळच्या छपराखालून भरलेली मागवून घेत असे. हे गेले ते दिवस मावळल्यावर, बल्ब लागलेला असताना.

आमच्याकडे माणूस जिथे प्राण सोडतो तिथे जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. रोज सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलं ते बघतात आणि त्या खुणेवरून गेलेला कुठल्या जन्माला गेला ते सांगतात. नात्यातल्या एक थोरल्या काकू गावाहून आल्या होत्या. त्यांनी पीठ पसरलं आणि पणती लावून आणली. सासूबाई खोलीच्या दारात बसल्या होत्या. काकू जवळ आल्या तशी त्यांनी हात आडवा धरला.

"हितं ज्योत न्यायची न्हाई."

"अगं, आता कुठं हायेत बॅटऱ्या? खोली रिकामी हाय."

"त्यानं न्हाई म्हटलंय."

"मग पोराला अंधारात ठेवतीस?"

पहिल्या मुलीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सासूबाई उठल्या, भिंत चाचपत कळीपाशी गेल्या आणि ती दाबली.

"अंधारात न्हाई. ह्यो त्यानं लावलेला हाय. त्याच्या हातचा सोडून दुसरा कशाला?"

काकूंनी पणती बाहेर ठेवली. ह्याला ना तेल ना वात, असं त्या पुटपुटल्या, पण कोणी साथ दिली नाही.

मग प्रश्न आला पिठाचा. खिडकी उघडी होती आणि थंडीचा वारा येत होता. पीठ कडेने उडू लागलं. टोपली घालावी, तर ती दिव्यासाठी असते आणि दिवा आढ्याला. काकू म्हणाल्या, "निदान खिडकी तरी लावा, न्हाईतर सकाळी कायबी कळायचं न्हाई." एक मुलगी लावायला उठली.

"उघडी ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

दहाही दिवस खिडकी उघडी राहिली. बल्ब विझला नाही. लाल पडू लागला की ड्रायव्हर भरलेली बॅटरी आणून ओसरीवर ठेवी आणि बाजूला उभा राही. घोंगड्याचं आडवस्त्र बांधून तारा मीच जोडत असे, काढून ठेवायला हातात आता बांगड्या नव्हत्याच. पीठ रोज नवं पसरत होतो आणि सकाळपर्यंत ते खोलीभर होई, डागांवर, कोपऱ्यांत, खाटेच्या पायांशी. त्यावर काय उमटलं असतं ते कोणाला कळलं नाही. सासूबाई रोज सकाळी दारात येऊन त्यांना दिसत होतं तेवढं बघत, आणि मी केरसुणी घेऊन येईपर्यंत तिथेच थांबत.